कोंडाबाईला मी दिलेलं वय

माझं अक्षर सुंदर आहे. हे मीच सांगतो, कारण माझ्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच आहे आणि सांगणारेही आता फारसे उरलेले नाहीत. या अक्षरावर मला तेविसाव्या वर्षी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात कारकुनाची नोकरी लागली. मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी एकही प्रश्न विचारला नाही. अर्ज उजेडात धरून ते "वा!" म्हणाले आणि कामगारांचं रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. नोकरीला दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा त्याच सुंदर अक्षरात मी एका बाईला तेरा वर्षांनी म्हातारी करून टाकली. तिचं नाव कोंडाबाई. चुका माझ्या हातून पुष्कळ झाल्या, पण इतकी सुवाच्य चूक दुसरी नाही.

कारखाना केस काळे करायची पावडर बनवायचा. छोट्या पुड्या, त्यावर काळ्याभोर केसांच्या बाईचं चित्र. आज तिथं मोटारी विकायचं चकचकीत दुकान आहे. तेव्हाचं औरंगाबाद एकीकडून वाढत होतं आणि एकीकडून पेटत होतं. चिकलठाण्याच्या माळावर दर दोन महिन्यांनी नवी शेड उभी राहायची, नवा भोंगा वाजायला लागायचा. आणि विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्यापासून खेड्यांत घरं जळाली होती, शहरात मोर्चे होते, बंद होते. कामावर किती जण आले हे सकाळी रस्ता बघून कळायचं. अशा दिवसांत पॅकिंगच्या भरतीसाठी आमच्या गेटवर दीडशे बाया उभ्या राहिल्या. घ्यायच्या होत्या चाळीस.

फॉर्म मी भरत होतो. नाव, गाव, जन्मतारीख. जन्मतारखेपाशी सगळं अडायचं, कारण ती बहुतेकींना नव्हतीच. आमच्या हेडक्लार्कांनी मला आधीच शिकवून ठेवलं होतं, "तारीख नसली की एक जून टाकायची. साल तोंड बघून."

त्या रांगेत कमल नावाची सतरा-अठराची मुलगी होती. गावातलं घर जाळल्यावर आत्याकडे शहरात आलेली. तिच्या फडक्यात शाळेचा दाखला होता. त्याच्या कडा जळालेल्या, नाव निम्मं गेलेलं, तारीख मात्र शाबूत. मी तारीख उतरवून घेतली आणि नाव विचारलं. "कमल," ती म्हणाली, "आणि पुढचं पण लिहा. पूर्ण लिहा."

तिच्या मागे कोंडाबाई. उंच, रापलेली, रुंद हाडापेराची, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेली. फॉर्मवर अंगठा उठवायला वाकली तेव्हा पदर सरकला आणि डोकं दिसलं. भिंतीला चुन्याचा हात मारावा तसं पांढरं. एकही काळा केस नाही.

"गाव?"

"पाचोडकडलं. आता हितंच मुकुंदवाडीला. मेंढरं हायती आमची."

"जन्मतारीख?"

"तारीख नाय बा. रझाकाराच्या पळापळीत झाले, आई सांगती. वाटंतच, बाभळीखाली. मला फडक्यात बांधलं आन म्होरं निघाली."

आता, हैदराबाद संस्थान कधी मुक्त झालं यावर मी शाळेत निबंध लिहून पहिलं बक्षीस मिळवलं होतं. अक्षरासाठी. म्हणजे साल मला पाठ होतं. एक साधी वजाबाकी करायची होती. एकतीस आले असते. मी मान वर केली, केस पाहिले आणि लिहिलं: वय वर्षे चव्वेचाळीस.

"काय लिवलं?" तिनं विचारलं.

"बरोबर लिहिलंय."

"तुमी लिवलं म्हंजी बराबरच आसंल, भाऊसाब."

चव्वेचाळीसची बाई कशाला घ्यायची म्हणून सुपरवायझर कुरकुरला. तेव्हा तिनं शेजारचा पावडरीचा भरलेला ड्रम उचलला, त्याच्या पायापाशी नेऊन ठेवला आणि म्हणाली, "आजून कुठं ठिवू?" ती लागली.

कोंडाबाईच्या घरची मेंढरं पूर्वी याच माळावर चरायची. जेवणाच्या सुट्टीत भाकरीवर ठेचा ठेवून ती नव्या बायांना कारखाना दाखवायची, पण तिच्या नकाशात एकही मशीन नसायचं. "बॉयलर हाय ना, तिथं पानी साचायचं. साहेबाच्या खोलीपाशी बोरीचं झाड हुतं, बोरं लई गोड." हे सांगताना आवाजात दुःख वगैरे काही नसायचं. आपण कुणाला पत्ता सांगतो तसं सांगायची.

माणसंही ती मेंढरांसारखीच ओळखायची. सुपरवायझर "मागं ऱ्हानारा", हेडक्लार्क "कळपात तोंड घालून चालनारे", आणि मी "दोनदाती". मेंढरू वर्ष-दीड वर्षाचं झालं की त्याला पुढचे दोन पक्के दात येतात. म्हणजे अंगानं वाढलेलं, पण अजून अक्कल यायची. हा अर्थ मला सहा महिन्यांनी कळला. तोवर मी त्याला कौतुक समजत होतो.

सुट्टी संपली की ती जिभेनं टाळूवर एक आवाज काढायची. 'ट्टक्' असा. आणि चाळीसच्या चाळीस बाया उठून लाइनवर जायच्या. भोंग्यानं उठत नसत, तिच्या टाळूनं उठायच्या.

एकदा दुपारी पावडर वाळवायच्या खोलीत धूर झाला. आग मोठी नव्हती, पण त्या धुरानं डोळे फुटायची वेळ आली. बाया धावत अंगणात आल्या. मी हजेरीचं रजिस्टर घेऊन बाहेर आलो, कारण संकटकाळी माणसांच्या आधी रजिस्टर वाचवायचं असा माझा समज होता. नावं वाचली. प्रत्येक नावाला 'हजर' ऐकू आलं. "सगळ्या आहेत," मी ओरडून सांगितलं.

कोंडाबाईनं घोळक्यावरून एकदा नजर फिरवली. एकदाच, डावीकडून उजवीकडे.

"एक कमी हाय."

"अहो, आत्ता तर मी..."

"कमल नाय." कमलच्या नावाला घाबरून दुसऱ्याच कुणीतरी 'हजर' म्हटलं होतं. तेवढं बोलून बाईनं नळाखाली पदर भिजवला, तोंडाला बांधला आणि आत गेली. आम्ही सगळे दाराकडे बघत राहिलो. मी रजिस्टर छातीशी धरून. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग ती बाहेर आली तेव्हा आजारी कोकरू खांद्यावर आडवं टाकतात तशी कमल तिच्या खांद्यावर होती, जिवंत, खोकत. मागच्या गोदामात चक्कर येऊन पडली होती.

"मोजलं कसं?" मी नंतर विचारलं.

"मोजत नसत्यात, भाऊसाब. भरल्यालं दिसतं, नायतर खाली दिसतं."

जी बाई एका नजरेत चाळीस बायका बरोबर ओळखायची, तिचं वय मी एका नजरेत तेरा वर्षांनी चुकवून बसलो होतो. अर्थात हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. मी सुखात होतो.

पुढे कारखाना वाढला, मुंबईहून नवे मॅनेजर आले. सगळे त्यांना मोठे साहेब म्हणायचे. नागपूर-इंदूरचे व्यापारी कारखाना बघायला येऊ लागले आणि मोठ्या साहेबांच्या लक्षात आलं की आपल्या पॅकिंगमध्ये पांढऱ्या केसांच्या बाया आहेत. हुकूम निघाला: लाइनवर कुणाच्याही डोक्यात पांढरा केस दिसता कामा नये, दर महिन्याला दोन पुड्या फुकट. नोटीस अर्थातच माझ्या अक्षरात.

पहिल्या महिन्यात बाया खूश होत्या. एकमेकींच्या डोक्याला लावून देत होत्या, हसत होत्या. दुसऱ्या महिन्यात शेजारणीनं लावली म्हणून लावायला लागल्या. नंतर मात्र न लावायची भीती वाटायला लागली. जिचं वय दिसतं तिला लाइनवरून काढतात अशी कुजबुज होती, आणि ती खरी नव्हती असं मी म्हणू शकत नाही. एकीच्या कपाळाला त्या पावडरीनं फोड आले. ती पदर भुवयांपर्यंत ओढून काम करायची आणि पुढच्या महिन्यात पुन्हा पुड्या घ्यायला यायची. एक जण माझ्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणाली, "भाऊसाब, एक जास्तीची द्या. जावई बघायला येनार हायती. मी पोरीची आई दिसाया पायजे, आजी नगं."

आणि मी? तिशी ओलांडताच माझ्या कानांपाशी पांढरं दिसू लागलं होतं. बायांना नोटीस लिहून झाल्यावर त्याच ढिगातल्या दोन पुड्या मी खिशात घातल्या. पहिल्याच सकाळी बायको म्हणाली, "उशीचा अभ्रा छान तरुण झालाय. तुमचं अजून तसंच दिसतंय." तरी मी सोडलं नाही. मे महिन्यात युनियनबरोबर बैठक होती. पंखा बंद पडला आणि माझ्या कानामागून एक काळी धार निघून कॉलरकडे चालली. पाण्याची घागर घेऊन आलेली कोंडाबाई सगळ्यांसमोर म्हणाली, "भाऊसाब, घाम पुसा. म्हातारपन खाली यायलंय."

तिनं स्वतः पुडी घेतली नाही. मोठ्या साहेबांनी तिला बोलावलं. मी कागद घेऊन कोपऱ्यात उभा होतो.

"बाई, केस काळे करायचा आपला कारखाना, आणि तुम्ही अशा? बघणारे काय म्हणतील?"

"म्हनतील, बाई माल चोरत नाय."

साहेबांनी हसू दाबलं, पण हुकूम दाबला नाही. तिला लाइनवरून काढून मागच्या अंगणात ड्रम धुवायला पाठवलं. काम जास्त कष्टाचं, उन्हातलं. तिनं काष्टा खोचला आणि गेली. तिथंही व्यापारी पोचलेच. इंदूरचा एक शेठ चुकून मागे गेला, तिला पाहून खूश झाला आणि म्हणाला, "वाह, ये अच्छा रखा है! लगाने के पहले का नमूना!" त्याचं स्वतःचं डोकं बुटासारखं चकाकत होतं. कोंडाबाईनं त्याला खालून वर पाहिलं.

"आन लावल्यानंतरचा तुमी का?"

मला वाटायचं हा सगळा तिचा हट्ट आहे. एका शनिवारी पाळी सुटताना मी गेटवर होतो. आठ-दहा कारखान्यांच्या बाया एकदम रस्त्यावर सांडल्या. सारख्या साड्या, सारखे डबे, आणि आता सारखी काळी डोकी. पलीकडे मेंढरांजवळ धोंडिबा, कोंडाबाईचा नवरा, कपाळावर हात धरून उभा होता. त्याच्या डोळ्यांवर साऱ्याचा पांढरट पडदा आला होता. समोरच्या ट्रकचा रंग त्याला सांगता आला नसता. तो गर्दीकडे बघत होता, बघत होता. मग ड्रमच्या अंगणातून ती आली. रस्त्यावर येताच तिनं डोक्यावरचा पदर मागं टाकला आणि ते पांढरं डोकं उन्हात उघडं झालं. धोंडिबानं लगेच काठी वर केली.

मी पाहिलं हे तिनं पाहिलं. सोमवारी स्वतःहूनच म्हणाली, "आमचं लगीन झालं तवाच निम्मे पांढरे हुते. आमच्या घरान्यातच हाय ते. त्यो म्हनायचा, बरं झालं, काळ्या मेंढरांत तू लांबून गावतीस." मग ड्रमवर घमेलं आपटून पुढं म्हणाली, "आन त्याचंच कामून? मलाबी माझी वळख लागती की."

अशी वर्षं गेली. धोंडिबाचे डोळे आणखी गेले, मेंढरं तीसवर आली. धाकटी मुलगी नर्सिंग शिकत होती, तिची अजून दोन वर्षं होती. घर आता कोंडाबाईच्या नोकरीवर उभं होतं. आणि एका डिसेंबरात मोठ्या साहेबांनी मला सांगितलं, येत्या वर्षात अठ्ठावन्न पुरी होणाऱ्यांची यादी काढा.

रजिस्टर उघडलं. माझं सुंदर अक्षर. कोंडाबाई, जन्म एक जून. त्या एका जूनला तिला घरी पाठवायचं होतं. मी यादीत तिचं नाव लिहायला घेतलं आणि बाभळीखालचं ते बाळंतपण आठवलं. चौदा वर्षांपूर्वी करायची वजाबाकी मी त्या दिवशी केली. ती पंचेचाळिशीची होती.

सज्जन माणसानं तिथल्या तिथं उठून साहेबांना सांगितलं असतं. मी यादी पूर्ण केली. सुवाच्य.

कोंडाबाईला नोटीस मिळाली तेव्हा कमल माझ्याकडे आली. ती आता युनियनमध्ये होती. मधल्या वर्षांत नामांतरासाठी मोर्चात जाऊन, अटक करवून घेऊन परत आली होती आणि कुणाच्या बापाला घाबरत नव्हती. तिनं कंपनीला भाग पाडलं: बाईला सरकारी डॉक्टरांकडे पाठवा, ते ठरवतील ते वय. मला हायसं वाटलं. कंपनीच्या चुकीवर डॉक्टर मार्ग काढतील, त्यात माझं नाव कुठं येणार नाही. फक्त एक अडचण होती, ते डोकं. डॉक्टर झाला तरी माणूसच. केस बघून तो साठ लिहील. मी स्वतः तेच केलं होतं.

म्हणून मी तीन पुड्या वर्तमानपत्रात गुंडाळून ड्रमच्या अंगणात गेलो. कमल तिथं होतीच.

"मावशी, एका दिवसाचा प्रश्न आहे," कमल तिला म्हणत होती. "मी लावून देते. डॉक्टरला तरुण दिसलीस की झालं. मग धुऊन टाक."

"हो ना," मी पुडकं पुढं केलं. "रजिस्टरमध्ये वय जरा जास्त लिहिलं गेलंय, त्यामुळे..."

कोंडाबाईनं ड्रम उभा केला. "आपसूक लिवलं गेलं?"

मी पुडक्याची घडी नीट करू लागलो.

"मी समोर हुते, भाऊसाब. रझाकाराचं तुमाला सांगितलं. तुमी वर बगितलं, आन लिवलं." आवाज चढलेला नव्हता. ती आठवत होती आणि आठवता आठवता तिला सगळं दिसत गेलं. "म्हंजी तुमची चूक झाकायला माझं डोस्कं काळं करू व्हय?"

कमलनं माझ्याकडे पाहिलं. तिला हे माहीत नव्हतं. जमीन दुभंगावी असं म्हणतात, पण चिकलठाण्याची जमीन कठीण आहे.

"आमच्यात मेंढी घ्यायची तर लोकर बगत नाय," कोंडाबाई म्हणाली. "लोकर पावसानं खराब व्हती, रोगानं झडती, आन इकनारा तर तिला धुऊन पुसूनच आनतो. दात बगत्यात. तुमी लोकर बगून लिवलं. आन आता मलाच म्हनायलाव, लोकर रंगव."

पुडकं तिनं माझ्या हातात परत ठेवलं. "हे तुमीच लावा. तुमाला लागतं."

पुढचे काही दिवस मी तिचं अंगण टाळून कँटीनला जायचो, कारखान्याला पूर्ण वळसा घालून. मग संक्रांत आली आणि त्याच दिवशी सोळा वर्षांचं भांडण संपून विद्यापीठाचं नामांतर झालं. सरकारनं त्याला नामविस्तार म्हटलं. कमलनं पेढे वाटले. लाइनवर, बॉयलरपाशी, गेटवर, प्रत्येकाच्या हातात. कुणी नको म्हणालं तर त्याच्यापुढे तशीच उभी राहायची, त्यानं घेईपर्यंत. कोंडाबाईला तिनं ड्रमपाशी जाऊन भरवला, आणि दोघी हसत होत्या.

शेवटी ती माझ्या टेबलाशी आली. पेढा रजिस्टरवर ठेवला.

"सोळा वर्षं लागली एक नाव लिहायला," ती म्हणाली. "तुम्हाला एक आकडा खोडायला किती लागतील, भाऊसाहेब?"

त्याच जेवणाच्या सुट्टीत मी कोरा कागद घेतला. लिहिलं की या कामगार महिलेने जन्माची वेळ मला सांगितली होती, ती मी नोंदवली नाही, केस पाहून अंदाजे वय लिहिले, चूक सर्वस्वी माझी आहे. चार ओळी. त्या लिहिताना हात असा काही कापला की मोठ्या साहेबांनी कागद तिरका धरून विचारलं, "हे कुणी लिहिलंय?"

मला मेमो मिळाला. तो मात्र दुसऱ्यानं लिहिला, आणि अक्षर फारच घाणेरडं होतं.

सरकारी दवाखान्यात कंपनीचा माणूस म्हणून मीच गेलो. कोंडाबाई धुतलेली नऊवारी नेसून आली होती. डोक्याला तेल, मधोमध भांग, आणि सगळं पांढरं उघडं. इतकं नीट विंचरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. डॉक्टरीणबाई मध्यमवयाच्या, इथल्याच जुन्या वस्तीतल्या. ओढणीखालून मेंदीनं लाल झालेले केस डोकावत होते.

"अम्मा, देखने में तो साठ के लगते तुम," त्या म्हणाल्या.

"दिसन्यावर नगा जाऊ, डाक्टरीनबाई. तुमचे लाल दिसायलेत, म्हून तुमी लाल झालाव का?"

मी डोळे मिटले. झालं, आता ही बाई सत्तर लिहिणार. पण डॉक्टरीणबाईंनी ओढणी सारखी केली आणि त्या खो-खो हसायला लागल्या. "सही बोली, अम्मा. बैठो."

"मी हुबीच बरी. दात बगा." आणि कोंडाबाईनं तोंड उघडलं.

बत्तीसच्या बत्तीस होते. मिश्रीनं काळवंडलेले, पण पक्के, ओळीत. तशी ती उभी होती. मान वर, तोंड उघडं, डोळे डॉक्टरांच्या डोळ्यांत. लाजेचा, विनवणीचा मागमूस नाही. मी त्या खोलीत सगळ्यात लहान माणूस होतो आणि मला ते तेव्हा वजनासारखं जाणवलं. आयुष्यभर मी बायकांकडे बघून त्यांची वयं लिहिली. आपल्याकडे असं बघणाऱ्या माणसासमोर इतकं निर्धास्त उभं राहिलेलं कुणी मी पाहिलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी दात पाहिले, हाडांचे फोटो काढायला लावले, माझा कापऱ्या अक्षरातला कागद दोनदा वाचला आणि लिहिलं, वय पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस. कंपनीनं लगेच अठ्ठेचाळीस धरलं.

"तीन वर्सं खाल्लीच," कोंडाबाई म्हणाली. "ऱ्हाऊ द्या. तेवढं तर लांडगाबी खातो."

दहा वर्षं मिळाली. मुलगी नर्स झाली. धोंडिबाच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, थोडं दिसू लागलं. मोठ्या साहेबांनी केसांची नोटीस कधी मागं घेतली नाही, पण पुढच्या महिन्यात पुड्या वाटून झाल्यावर माझ्या टेबलावर सात उरल्या. त्यापुढच्या महिन्यात अकरा. लाइनवर कुणाकुणाच्या भांगात बोटभर पांढरं दिसू लागलं आणि कुणी काही बोलेना. मी स्वतः मात्र निवृत्तीपर्यंत लावत राहिलो. माझ्यात आणि त्या बायांत तेवढा फरक होताच.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी एका नातेवाइकाकडून परतताना पाचोडच्या बाजारात उतरलो. मेंढरांच्या ओळीत गर्दी होती. लांबूनच दिसलं. काळ्या मेंढरांच्या, फेट्यांच्या, धुळीच्या मधोमध ते डोकं. ती वाकून एका मेंढीचा ओठ अंगठ्यानं वर करून दात बघत होती. विकणारा लोकरीवरून हात फिरवत स्तुती करत होता, तिचं तिकडं लक्षच नव्हतं.

"कोंडाबाई!"

तिनं मान वळवली. माझे केस आता तिच्याइतकेच पांढरे होते. बायकोनं अभ्रे वाचवण्यासाठी शेवटी अट घातली होती. कोंडाबाईला ओळख पटेना.

"मी. भाऊसाब. पुड्यांच्या कारखान्यातला."

ती जवळ आली. माझं डोकं पाहिलं, मग ते सोडून दिलं, आणि म्हणाली, "दात दावा."

माझा हात आपोआप तोंडावर गेला. कवळी बसवून आठवडाही झाला नव्हता.

कोंडाबाई हसली. इतकी, की मेंढरं बिचकून बाजूला झाली. "आरं माझ्या दोनदात्या," ती म्हणाली आणि माझ्या पाठीवर असा हात मारला की कवळी सुटता सुटता राहिली. चहा पाजला, मुलीचं सांगितलं, कमलला नातू झाल्याचं सांगितलं. मग मेंढी घेतली आणि निघाली.

माझी बस सुरू झाली तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला, बाभळीपाशी, एक म्हातारा कपाळावर हात धरून गर्दीत काहीतरी शोधत होता. ती मेंढरांतून वाट काढत चालली होती. मध्येच तिनं पदर मागं टाकला.

म्हाताऱ्यानं काठी वर केली.